तांबड्या पाण्याचा व्हिडिओ

अण्णामामा गेल्याचा मेसेज कुटुंबाच्या ग्रुपवर आला आणि तो खरा की खोटा, हे विचारायला मी थेट अण्णामामांनाच फोन लावला. उचलला मामींनी. "खरं आहे रे," एवढंच म्हणाल्या... आणि माझ्यासारखा बोलघेवडा माणूस "बरं, ठीक आहे" म्हणून मोकळा झाला. दीड महिना होत आला, अजून एका जागी बसवत नाही.

तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवून मामा निवृत्त झाले, डहाणूला आले आणि त्यांनी आम्हा नातेवाइकांना शिकवायला घेतलं. कुठली कंपनी बुडाली, कुठला पुढारी अत्यवस्थ, कुठला उद्योगपती पळाला... ग्रुपवर काही पडलं की मामांचा सवाल ठरलेला, "तू पाहिलंस?" मग स्वतःच फोन करत सुटायचे, जवळचं असेल तर एसटीने जाऊन पाहून यायचे. आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मी, कारण सगळ्यांत जास्त मेसेज माझेच.

२०१८ साली मी एक व्हिडिओ पुढे ढकलला. डहाणूजवळच्या कैनाड गावातल्या एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये बायका चिकू धुताहेत, हौदातलं पाणी तांबडं. खाली मजकूर, 'रसायनात बुडवलेले चिकू, मुलांना देऊ नका.' त्यावर 'शंभर टक्के खरं' ही भर माझी. डहाणूत जन्म गेला, चिकू खाऊन पोट सुटलं, पण चिकू धुताना कधी पाहिला नव्हता. व्हिडिओ गावभर फिरला, माल घेणारे फिरकेनात, शेडला कुलूप, बायका घरी.

मामांनी बोलावून घेतलं. परसातल्या झाडाचे चिकू पांढऱ्या टबात टाकले. "चोळ." मी चोळले. सालीवरची भुकटी सुटली आणि पाणी तस्संच तांबडं झालं. "कुठलं रसायन हे, शास्त्रज्ञ?" आतून मामी हसल्या. मला हसू येईना.

तिथून रिक्षाने कैनाड. मामांनी शेडच्या दारावर कागद चिकटवला, 'व्हिडिओतला मजकूर खोटा आहे. मी खात्री केली आहे.' खाली सही. त्याखाली 'पुढे पाठवणारा' आणि रिकामी जागा. पेन माझ्यापुढे धरलं. शेडमध्ये चिकू धुणाऱ्या सुमनताई समोरच्या त्यांच्या घराच्या दारात उभ्या. मी म्हटलं, "मामा, चष्मा घरी राहिला." चष्म्याची दांडी खिशातून बाहेर डोकावत होती. "सवडीने लिही," मामा म्हणाले. पुन्हा कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं...

गेल्या सोमवारी गेलो. शेड केव्हाच पुन्हा सुरू झालेली. कागद पत्र्याच्या आडोशाला टिकलेला, पिवळा पडलेला, जागा तशीच. नाव लिहिलं आणि सुमनताईंना वाचून दाखवलं.

"मास्तरांना इचारलं व्हतं मी, कोन तो? म्हनले, येईल आपनहून." हौदातले हात त्यांनी थांबवले नाहीत. "लई दिस लावलेत, भाऊ."

मी पेन खिशात ठेवलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि मोबाइल पुढे केला.

"ह्यो मेसेज सकाळीच आलाय. आपल्या शेठचं दिवाळं निघालं म्हनं. समद्या बाया घाबरल्यात. आता मास्तर नाय..."

शेठ आतच होते. मी चपला काढल्या आणि विचारायला आत गेलो.