मैत्रिणीची गॅलरी

श्रावणी सोमवारी घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास सुटला की मला व्याह्यांसमोर झालेली माझी फजिती आठवते. ते पुण्याहून खास आमच्या गावची महाकालाची सवारी, म्हणजे पालखीची मिरवणूक, पाहायला आले होते. बायको म्हणाली, "गुदरी चौकात माझ्या मैत्रिणीच्या गॅलरीत बसू, पण बाराच्या आत पोचायला हवं, मग रस्ते बंद होतात." माझी शाळा चौथीत सुटली, पण गल्ल्या तोंडपाठ आहेत. मी म्हटलं, "गॅलरीत पाहुणे बसतात. मी ह्यांना थेट पालखीसमोर नेतो." ती खिचडीचा डबा घेऊन एकटीच गेली. आम्ही साडेतीनला निघालो. मी तीन गल्ल्या बदलल्या आणि तिन्ही वेळा एकाच हवालदारासमोर निघालो. तो म्हणाला, "बाबा, कितनी बार आओगे? रास्ता बंद है!" व्याही हसू दाबत म्हणाले, "तुमची जुनी ओळख दिसते." तेवढ्यात झांजा-डमरू जवळ आले आणि वरच्या गॅलरीतून बायको ओरडली, "अहो, मागचं दार उघडं आहे, वर या!" व्याही धावलेच. मी अडून खालीच राहिलो. मला नुसत्या पाठी आणि छत्र्या दिसत होत्या. "महाकाल राजा स्वतः प्रजेला भेटायला निघालाय," ती पुन्हा ओरडली, "आणि तुम्ही रुसून बसा!" मग मी जिना चढलो. पालखी अगदी हाताच्या अंतरावरून गेली, आणि मी दोन वाट्या खिचडी खाल्ली. तिचं बरोबर होतं हे मी आजतागायत कबूल केलेलं नाही. पण सवारीच्या सोमवारी अकरा वाजताच डबा हातात घेऊन दारात मीच उभा असतो आणि म्हणतो, "चल लवकर, किती उशीर करतेस!"