चांदणीच्या पायांवरचे डाग

ते प्रकरण आजही माझ्या डोळ्यापुढं उभं राहतं, आणि उभं राहतं ते चार पायांवर. आधी हसू येतं, मग थोडी लाज वाटते. नावं कुणाचीच सांगणार नाही. घोडीचं तेवढं सांगते, तिची हरकत नसावी. चांदणी. पांढरीशुभ्र, वरातीत नाचणारी.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होते. सकाळची हजेरी उरकत होती, तेवढ्यात मुकुंदवाडीचा एक घोडीवाला आला आणि त्याच्यापुढं त्याची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणायचे, दुसऱ्या दिवसापासून आम्हीही म्हणायला लागलो. कागदावर तक्रारदार तो होता, पण बोलत होती आक्काच. तो नुसती मान हलवत होता.

तक्रार अशी, की प्रत्येक वरातीनंतर दोन-तीन दिवसांत चांदणीच्या पायांवर फोड उठतात. ते फुटतात, वाळतात आणि काळा डाग ठेवून जातात. चारही पाय भरत आले होते. कुणीतरी ॲसिड टाकतंय, असं आक्काचं म्हणणं. संशय कोणावर विचारलं, तर उत्तर तयारच होतं. शहागंजकडचा दुसरा घोडीवाला. पूर्वी दोघं मिळून धंदा करायचे, मग फाटलं. आता लग्नघरं आधी चांदणीलाच विचारतात.

"लई जळतो त्यो, मॅडम. आता त्यानं माझ्या लेकराचे पाय जाळले," आक्का म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

हसण्यासारखी गोष्ट नव्हती ती. लग्नसराई ऐन भरात होती. जनावरांच्या डॉक्टरांनी घोडी तपासून लिहून दिलं की ही इजा दाहक पदार्थानं झाली आहे, पदार्थ कोणता ते सांगता येत नाही, आणि असंच होत राहिलं तर ही घोडी कामाची राहणार नाही. त्या घराचं सगळं चांदणीवर चालायचं. तिकडं आक्कानं बँडवाल्यांपासून मंडपवाल्यांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की अमका माणूस मुक्या जनावरावर ॲसिड टाकतो. आमचा तपास सुरू व्हायच्या आत त्या शहागंजवाल्याची दोन लग्नं हातची गेली होती. तेव्हा एका घराची घोडी आणि दुसऱ्या घराची अब्रू, दोन्ही माझ्या टेबलावर होतं.

दुसऱ्या दिवशी चांदणीला ठाण्यात आणली. जप्तीच्या मोटारसायकली आणि लिंबाचं झाड यांच्यामध्ये ती अशी उभी राहिली, जणू तिचीच बदली होऊन आली होती. आमचे हवालदार अनुभवी माणूस, तेवीस-चोवीस वर्षांची नोकरी. पण घोडीच्या पायांचा पंचनामा त्यांनीही केला नव्हता. टेप लावून, केस बाजूला सारून, एकेक डाग हातानं चाचपून त्यांनी मापं घेतली. मध्येच थांबून मला विचारलं, "मॅडम, पुढचा उजवा पाय लिहायचा, तर उजवा तिचा की माझा?" पंच म्हणून बोलावलेला चहावाला इतका हसला की त्याची सही वाकडी आली.

संध्याकाळी खबर लागली. शहागंजातल्या एका दुकानातून त्या घोडीवाल्यानं ॲसिडची बाटली नेली होती. मी म्हटलं, झालं, सापडला. त्याला बोलावून घेतलं, बाटलीही आणवली.

माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस आधी चांगला बनायला बघतो. हा तसलं काही करेना. "मला त्या घोडीचा राग येतो, मॅडम. तिच्या मालकाचा त्याहून येतो, अन् आक्काचं तर विचारूच नका," तो म्हणाला. "पण ॲसिड? चांदणीला नाचायला मीच शिकवलंय. ह्या हातानं." बाटली कशाला आणली, तर तबेल्याची मोरी साफ करायला. बाटली मुद्देमालात घेताना हवालदारांनी उलटीपालटी करून बघितली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सील तर फोडलेलंच नाय."

तरी मी मागं हटले नाही. ही बाटली कोरी, म्हणजे आधीची वेगळी असणार. मी वरातींच्या तारखा आणि फोड उठल्याच्या तारखा समोरासमोर मांडल्या, एकूण एक जुळल्या. वरात गाजली की तिसऱ्या दिवशी फोड. जळक्या माणसाचं काम नाही तर काय? स्वतःवर मी फार खूश होते. कागद पूर्ण करून पुढं पाठवायचे, एवढंच बाकी होतं.

आणि पंचनाम्यानंतर तिसऱ्या दिवशी हवालदार कामावर आले ते उजवा हात फडक्यात गुंडाळून. फडकं सोडलं तर मनगटापर्यंत फोडच फोड. हुबेहूब चांदणीच्या पायांवरचे. सगळं ठाणं जमा झालं. कुणी म्हणे ॲसिडच्या बाटलीची वाफ लागली, कुणी म्हणे घोडीचा रोग माणसाला झाला, आणि पंच झालेला चहावाला आपलेच हात उन्हात धरून बघत बसला.

त्या दिवशी मी दोन्ही घोडीवाल्यांना आणि आक्काला समोरासमोर बसवणारच होते. आक्का आत आली, तिनं हवालदारांचा हात बघितला, आणि जबाब-बिबाब सगळं विसरून त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"आगं बया. बिब्बा उतलाय की दादा तुम्हाला. तीळ अन् खोबरं वाटून लावा, चार दिवसांत उतरंल."

बिब्बा मला काय ठाऊक नव्हता? माहेरी आमच्या दारावर बिब्ब्याची फुली असायची, नजर लागू नये म्हणून. गरम सुई टोचली की त्याचं काळं तेल सुटतं, आणि ते अंगाला लागलं की असेच फोड येतात.

"आक्का," मी म्हटलं, "तुमच्या घरात बिब्बा आहे?"

"हाय की. चांदणीला लावते ना मी."

तिचा भाऊ पहिल्यांदाच मान हलवायचा थांबला.

"कधी लावता?"

"वरातीहून आली की. मांडवातल्या सगळ्या बाया तिच्याकडं बघत्यात, मॅडम. चारी पायांवर फुल्या काढायच्या. आमचे वडील बैलांना काढायचे पोळ्याला, कधी काय झालं नाय."

पोळा वर्षातून एकदा. चांदणीच्या वराती सराईत आठवड्याला दोन-तीन. त्यातून डाग दिसायला लागले तशी आक्काला वाटलं नजर कडक आहे, म्हणून तिनं बिब्बा वाढवला. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग फार हळू आवाजात म्हणाली, "अन् ठाण्यात आणायच्या दिशी तर मी जास्तच लावला होता. म्हटलं, एवढ्या पोलिसांची नजर."

हवालदारांनी आपल्या हाताकडं बघितलं. मी टेबलाखाली वाकून नसलेलं पेन शोधायला लागले.

आक्का मात्र हसत नव्हती. "मग मलाच घाला आत," ती म्हणाली. गुन्हा कसला दाखल करणार? तक्रार निकाली काढली, डायरीत नोंद केली. पण शहागंजवाला खुर्चीवरून उठेना. त्याला लेखी पाहिजे होतं, शिक्क्यासकट, की हा माणूस निर्दोष आहे. बँडवाल्यांना दाखवायला. मी सांगितलं, असला दाखला पोलिसांकडं नसतो. तो खाली मान घालून बसला. आक्का त्याच्याकडं वळली. मग म्हणाली, "तुझी वरात कधी हाय?"

त्याच्याकडं उरलेलं एकच लग्न होतं. त्या वरातीच्या बंदोबस्ताला मी मुद्दाम गेले. शहागंजच्या भर गर्दीतून त्याची घोडी नाचत निघाली होती, आणि लगाम धरून पुढं आक्का चालली होती, नवं लुगडं नेसून, एकेका बँडवाल्याच्या डोळ्यात बघत. तो घोडीवाला तिच्या शेजारून अंग चोरून चालला होता.

"तुझी बी घोडी लई देखणी नाचती रे," आक्का म्हणाली.

"लगाम धरा, आक्का," तो म्हणाला. "पायांकडं बघू नका."

चांदणी दीड महिन्यात बरी झाली, डाग मात्र राहिले. मी त्यानंतर निवृत्तीपर्यंत तक्रारदाराला एक प्रश्न नेमानं विचारत गेले. संशय कोणावर, हे नंतर. आधी विचारायचे, घरात सगळ्यात जास्त काळजी कोण करतं, आणि ते माणूस नेमकं काय करतं.