चढवलेला ताणा

वडगावात आमच्या घरी माग आहे. दर सोमवारी एका व्यापाऱ्याचा माणूस स्कूटरवरून साड्या न्यायला येतो. नाव मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. साडीचा काठ चिमटीत चोळतो, मग मोबाईल बघतो. पुढं कुठला रंग खपणार, ते त्यातलं एआय सांगतं. खोटं कशाला बोलू, बहुतेकदा बरोबर येतं.

एकदा मागावर हिरव्या उभ्या धाग्यांचा ताणा चढवलेला होता, तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, हिरव्याची मागणी पडली. आजच जांभळा लावा."

"हिरवा ताणा अर्धा विणून झालाय. चढवलेला ताणा आमच्यात कापत न्हाईत."

"मोबाईलला कुठं ठावं हाय ते?"

"मग आण की त्याला आत, दावतो."

तो हसला. जांभळा का नाही, याचं कारण त्याला मोबाईलात भरावंच लागणार होतं. बराच वेळ अंगठा काचेवर फिरवून त्यानं 'माग बिघडलाय' असं भरलं. माझा ताणा वाचला.

ताणा संपला, पण नवं काम आलं नाही.

"बिघडणारा माग म्हणून एआय तुम्हाला वगळतंय, आप्पा," तो खाली बघत म्हणाला. "मालकाची समजूत घालता येती. ह्येच्यात नुसतं भरता येतंय."

अजून तो सोमवारी येतो, 'माग दुरुस्त' असं भरतो, चहा पितो आणि रिकामा जातो. त्या दिवशी ताणा कापला असता तर आज माग चालू असता, हे मला कळतं. तरी मी तो कापला नसता.