खान रिव्हर फाइव्हची शेवटची रेकॉर्ड

धुळ्याहून सकाळी सहाची इंदूरची बस पकडली तेव्हा माझ्या मांडीवर एक चौकोनी पुडकं होतं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे एक रेकॉर्ड आणि वरून गुंडाळलेला टॉवेल. कंडक्टरनं विचारलं, "फोटो आहे का कुणाचा?" मी म्हटलं, "गाणी आहेत." त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या सीटकडे वळला.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी जुन्या रेकॉर्डी जमवतो. ही माझ्या मुलीनं बेल्जियममधल्या जुन्या बाजारातून आणली होती. कव्हरवर शाळेच्या पायऱ्यांवर उभे असलेले पाच पुरुष, सगळे पन्नाशीकडे झुकलेले, एकसारख्या सुटांत. नाव 'खान रिव्हर फाइव्ह, इंदूर'. खान म्हणजे इंदूरच्या पोटातून वाहणारी नदी. तरुणपणी ही मंडळी लग्नांत आणि क्लबांत वाजवायची, हे इंदूरच्या जुन्या लोकांना आठवतं. पण उतारवयात त्यांनी एका परदेशी कंपनीसाठी आठ गाणी केली, पाच मराठी आणि तीन माळवी, हे कुणाच्या गावीही नव्हतं. मागच्या बाजूला पाच वादकांची नावं आणि खाली सहावं नाव: गायिका, निर्मला.

मी या रेकॉर्डविषयी इंटरनेटवर लिहिलं. महिन्याभरात ती कंपनी सध्या चालवणाऱ्या बाईंचं पत्र आलं. त्यांना ही गाणी पुन्हा काढायची होती. हयात कलाकारांची संमती हवी होती आणि पत्ते त्यांच्याकडे नव्हते. मी म्हटलं, मी जातो.

सेंधव्याच्या अलीकडे बिजासनच्या घाटात बस दीड तास अडकली. पुढे एक ट्रक आडवा झाला होता. खलघाटला नर्मदा ओलांडताना सगळ्या बसनं हात जोडले, मीही जोडले. दोन्ही बाजूंना पिकत आलेला गहू होता. मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर आलो तशी हवा गार झाली. पलासियातल्या लॉजवर पोचलो तेव्हा क्लास सुटलेल्या मुलामुलींच्या गर्दीत रिक्षा मुंगीच्या पावलानं चालली होती, आणि मी पुडकं दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो होतो.

सकाळी उसळ घातलेले पोहे खाल्ले. वर शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आंबटतिखट मसाला). गाडीवाल्याला तुकोगंजचा रस्ता विचारला. "अरे भिया, रिक्षा क्यों करते हो, पैदल निकल जाओ," तो म्हणाला. निघालो.

मनोहर टेंबे, कव्हरवर मधोमध गिटार घेऊन उभे असलेले, तुकोगंजात एका दाताच्या दवाखान्याच्या वर राहतात. पत्ता इंदूरच्याच एका वाचकानं कळवला होता. वय ऐंशीच्या घरात. बाकीचे चौघे गेले. दार त्यांनीच उघडलं. मी टॉवेल सोडून रेकॉर्ड पुढे धरली. ते बसले. कव्हरवरच्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेले.

"हा बाबू, ड्रमवर. हा शरद. मतलब, ही आमची शेवटची मैफल समजा," ते म्हणाले. "कामं बंद झाली होती. लग्नांत लोक कॅसेट लावायला लागले. तेव्हा इथल्या मिलमध्ये मशीन बसवायला एक बेल्जियमचा इंजिनीयर आला होता. त्याच्या मेव्हण्याची कंपनी. तो म्हणाला, तुमच्या भाषेतलं काही करा. इथंच चार दिवसांत टेप केलं, टेपा तिकडे गेल्या. आम्ही उभ्या आयुष्यात दुसऱ्यांची गाणी वाजवली, भिया. आमची अशी ही आठच."

"आणि या निर्मला?"

"बहीण माझी. तीन गाणी गायली. शब्दही तिचेच."

"कुठे असतात?"

"हातोदला. तिथंच शाळेत होती." मग त्यांनी कव्हर पालथं ठेवलं. "तिच्याकडे जाऊ नका. मी सही देतो, बस."

"कंपनीला प्रत्येकाची सही हवी आहे, टेंबेजी."

"तिला ह्यातलं काही नको आहे," ते म्हणाले. कागदावर सही केली, चहा पाजला आणि मला दारापर्यंत सोडलं. जिना उतरताना वाटलं, दोघांत जुनं काहीतरी असेल. आजारपण नाही, नकारही तिच्या तोंडचा नाही, तर मग तिलाच का विचारू नये? हा विचार तेव्हा मला फार सरळ वाटला होता.

दुसऱ्या दिवशी हातोदची बस धरली. खिडकीशी डुलकी लागली आणि बस गावापुढे निघून गेली. उतरून तीनेक किलोमीटर उलटा चालत आलो, खांद्यावर लहान प्लेअर, बगलेत रेकॉर्ड. मंडीत ट्रॉल्या रांगेनं उभ्या होत्या. एका हमालाला शाळेतल्या निर्मलाबाई विचारल्या. "सोवनी मॅडम? उन्होंने तो मेरे को पढ़ाया है," तो म्हणाला, आणि पोतं खाली ठेवून थेट घरापर्यंत आला.

निर्मला सोवनी बारीक, ताठ चणीच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. एकट्याच राहतात. मी धुळ्याहून आलो, बेल्जियमची कंपनी, खान रिव्हर फाइव्ह, असं सांगत होतो तर त्यांनी मधेच थांबवलं.

"रेकॉर्ड निघाली?"

"हो. ही काय."

"दादा तर म्हणाला होता, कंपनी डूबली. निघालीच नाही." त्यांनी कव्हर हातात घेतलं, मागे फिरवलं, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "मी वर्षभर पोस्टमनला विचारत होते. मग सोडून दिलं."

मला तिथेच थांबायला हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "लावा ना." आणि मी लावली.

गिटार सुरू झाली तशा त्या हसल्या. "दादाच आहे." मग आवाज आला: वेळ टळली, बाई, दिवे लावायची वेळ टळली. त्यांचं हसू होतं तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे बदलले. गाणं संपेपर्यंत हलल्या नाहीत.

"परत लावा."

मी परत लावली.

"ही कोण आहे?" त्या म्हणाल्या.

मला प्रश्न कळला नाही.

"हा माझा आवाज नाही. ऐका तर, टलली म्हणतेय ती. 'ळ' म्हणताच येत नाही तिला. मी पस्तीस वर्षं पोरांना 'ळ' शिकवला. ही कुणी तिकडची बाई आहे."

मी ही रेकॉर्ड पन्नास वेळा तरी ऐकली होती. तो उच्चार मी इंदुरी मराठीचा समजलो होतो, तसं लिहिलंही होतं. माझी मान वर होईना.

निर्मलाबाईंनी पाणी दिलं. स्वतः प्यायल्या. मग कपाटातून शाल काढली. "चला. दादाकडे जाऊ."

बसमध्ये रेकॉर्ड त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरली.

टेंबेंनी दार उघडलं. आधी बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेनं मी आजही ओशाळतो.

"तुला माहीत होतं, दादा?"

ते आत गेले. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात त्याच रेकॉर्डची कोरी प्रत होती आणि कंपनीचं एक पिवळं पडलेलं पत्र. पत्र त्यांनी माझ्याकडे दिलं. इंग्रजीत चारच ओळी होत्या: बाईंच्या मायक्रोफोनमध्ये खरखर होती, आवाज वापरण्याजोगा नव्हता, म्हणून बेल्जियममधल्याच एका गायिकेकडून शब्द पाठ करून गाणी गाऊन घेतली, वाईट वाटून घेऊ नये.

मी वाचून दाखवलं.

"काय सांगणार होतो, निमू?" टेंबे म्हणाले. "तू कधी स्टेजवर आली नाहीस. घरच्यांनी येऊ दिलं नाही. ते चारच दिवस तू गायलीस. वाटलं, रेकॉर्ड निघालीच नाही म्हणावं. तुझं रडणं मला बघवलं नसतं."

"एक दिवस रडले असते," निर्मलाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी शाळेत गेले असते. मला काय वाटत राहिलं माहीत आहे? मी बेसूर गायले, म्हणून कंपनीनं सगळ्यांचंच टाकून दिलं. बाबू, शरद, सगळ्यांचं माझ्यापायी गेलं. मी त्यांच्या घरी जायचं सोडलं, दादा. शरदच्या तेराव्यालाही मागच्या मागे निघून आले."

टेंबेंनी चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. खाली दवाखान्यातलं मशीन सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

काही वेळानं निर्मलाबाईंनी माझ्याकडून कागद मागितला आणि पेनही. "गायिका म्हणून मी सही करणार नाही. मी गायलेच नाही त्यात. शब्द माझे आहेत, तिथं करते." त्यांनी तसं लिहून खाली सही केली, मास्तरणीच्या वळणदार अक्षरात. "आणि तिकडे कळवा, त्या बाईचं नाव शोधा म्हणावं. तिनं बिचारीनं न कळणारे शब्द पाठ केले, आणि नाव लागलं माझं."

मी निघालो तेव्हा त्या उठल्या नाहीत. भावाला म्हणाल्या, "भूक लागली आहे. काय आहे घरात?"

परतीच्या बसमध्ये पुडकं मांडीवर नव्हतं. रेकॉर्ड मी निर्मलाबाईंकडेच ठेवून आलो होतो. घाट उतरताना मी एकच हिशेब करत होतो. एका म्हाताऱ्या माणसानं मला जाऊ नका म्हटलं होतं, आणि मी गेलो होतो. कुणाला आपल्या आवाजाचं काय झालं ते कळलं, हे चांगलं झालं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता, भावाचा होता, आणि तो मी त्याच्याकडून काढून घेतला. प्रवासाला निघताना माणूस वाटेतल्या खाण्यापिण्याची चौकशी करतो. समोरचं दार कुणी, कशासाठी लावून घेतलं आहे, ती चौकशी करत नाही.

नवी रेकॉर्ड आठ महिन्यांनी निघाली. बेल्जियमच्या त्या गायिकेचं नाव सापडलं. ती हयात नव्हती, पण आता तिचं नाव कव्हरवर आहे, आणि त्याखाली, शब्द: निर्मला सोवनी. मी दोन प्रती टेंबेंना पाठवल्या. वाटलं, ते फोन करणार नाहीत. केला.

"एक प्रत तिला नेऊन दिली," ते म्हणाले. "स्वतः गेलो, बसनं."

"ऐकली का त्यांनी?"

"नाही. म्हणाली, ठेव तिथं. मग मलाच रागावली. म्हणते, रिकाम्या हातानं काय आलास, गिटार आणायची होतीस." मग म्हणाले, "बोटं चालत नाहीत हो आता. तरी तारा बदलून घेतल्या आहेत. रविवारी जातोय."