पेन्सिलची रेघ

टेबलावर अवकाशातले गॅमा किरणांचे स्फोट किती वेळ टिकतात, त्याचा आलेख पडला आहे. त्यात दोन सेकंदांपाशी मी पेन्सिलने रेघ ओढली आहे. रेघेच्या अलीकडचे स्फोट ताऱ्यांच्या टकरीचे, पलीकडचे एखाद्या थोरल्या ताऱ्याच्या मरणाचे. रेघेजवळ मात्र दोन्हींची सरमिसळ असते, म्हणून तर पेन्सिल.

परवा तोंडी परीक्षेत एका मुलीला मी विचारलं, "दीड सेकंदाचा स्फोट कशाचा?" ती विचार करत राहिली. मी जेमतेम दोन सेकंद थांबलो आणि शून्य दिलं. दाराशी जाऊन ती वळली.

"सर, नुसत्या वेळेवरून कसं सांगणार?"

"पुढच्याला पाठव," मी म्हणालो.

तिचं बरोबर होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. आज त्या रेघेकडे बघवत नाही. तिचं शून्य मी पेनाने लिहिलं होतं.