तारीख नसलेला फॉर्म

क्लेम नाकारल्याचं पत्र पोस्टात टाकायचं असतं. मी ते खिशात घालून स्कूटरने बेलपाड्याला निघालो. नाईक साहेबांनी, म्हणजे आमच्या ब्रँच मॅनेजरनी, मला जाताना पाहिलं. मग समोरच्या फाईलीत मान घातली.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी पनवेलच्या एका विमा शाखेत डेव्हलपमेंट ऑफिसर होतो. त्या सुमारास आसपासच्या कारखान्यांत व्हीआरएस निघाली होती. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची माणसं हिशेब घेऊन घरी बसत होती. नोकरी असेपर्यंत कारखान्याची ग्रुप पॉलिसी त्यांचा आणि बायकोचा दवाखान्याचा खर्च उचलायची. नोकरी सुटली की ती त्याच दिवशी संपायची. पुढे दोनच मार्ग होते. खर्च खिशातून करायचा, नाहीतर स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी घ्यायची. बहुतेक जण पहिला मार्ग धरायचे, कारण त्यासाठी काही करावं लागत नसे.

हरिश्चंद्र म्हात्रे दुसरा मार्ग धरणाऱ्यांपैकी. बॉयलरवर तेवीस वर्षं काढलेला माणूस. नोकरी सुटल्यावर पंधरवड्याच्या आत, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, तो माझ्या टेबलासमोर येऊन बसला. मी नवरा-बायको दोघांचा फॉर्म भरला. तीस दिवसांचा नियमही सांगितला. नवीन पॉलिसीत पहिल्या तीस दिवसांतल्या आजाराचा खर्च मिळत नाही. अपघाताचा मिळतो. माणसाने आजारी पडल्यावर पॉलिसी घ्यायला येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

म्हात्रेने सही केली, चेक लिहिला आणि पेन थांबवलं.

"साहेब, तारीख दसऱ्याची टाका. पक्ष लागतोय. आजारपणाचा कागद पितरांच्या दिवसांत नको."

मी हो म्हणालो. मला त्यात गैर वाटलं नाही. आमच्या घरी फ्रिज घ्यायचा होता, तोही आम्ही पक्षामुळे पुढे ढकलला होता. फॉर्म आणि चेक पिनेने जोडून मी खणात ठेवले. दोन्हींवर तारखेची जागा कोरी. तीस दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे, हे बोटावर मोजून दाखवायला मला एक मिनिट लागलं असतं.

दसऱ्याला सकाळी मी तारीख घातली. पॉलिसी सुरू झाली.

धनत्रयोदशीला म्हात्रेची बायको सुगंधाबाई तापाने बेशुद्ध पडली. मलेरिया मेंदूत गेला होता. पनवेलच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. अकरा दिवस ती आयसीयूत होती. वाचली, पण डाव्या हातातली ताकद गेली. व्हीआरएसच्या पैशातला मोठा भाग त्या अकरा दिवसांत संपला.

क्लेमचे कागद माझ्याकडे आले तेव्हा मी आधी दिवस मोजले. पॉलिसीचा एकोणिसावा दिवस. पक्षाच्या आधी सुरू केली असती तर चव्वेचाळिसावा. पुन्हा मोजले. तेवढेच आले.

नाईक साहेबांकडे गेलो.

"फॉर्म ब्रँचमध्ये कधी आला?"

"दसऱ्याच्या पंचवीस दिवस आधी."

"त्यावर तारीख कुठली?"

"दसऱ्याची."

"कोणी घातली?"

"मी."

"मग संपलं," ते म्हणाले. "खणातल्या फॉर्मवर पॉलिसी चालत नाही."

तरीही मी घडलं तसं लिहून मुंबईच्या ऑफिसला पाठवलं. तिकडून क्लेम नाकारल्याचं एका ओळीचं उत्तर आलं. सोबत माझ्या नावाचा मेमो होता.

बेलपाड्याला म्हात्रे ओटीवर बसला होता. त्याने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि मलाच वाचायला लावलं. मग विचारलं, "कागद तुमच्या खणात होता ना?"

"होता."

"चेक पण?"

"चेक पण."

त्याने पत्राची घडी घातली. मग आतल्या दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "तिला पक्षाचं सांगू नका. दसऱ्यालाच घ्या, असं तिनंच मला सांगितलं होतं. तिला सांगा, कंपनीच लबाड हाय."

सुगंधाबाई उजव्या हाताने चहाचा एकच कप घेऊन आल्या. दुसरा आणायला परत आत गेल्या. तो देताना त्यांनी विचारलं, "पैसं नाय भेटनार का, भाऊ?"

"नाही मिळणार," मी म्हणालो. "आमच्या कंपनीचंच काही खरं नाही."

नोकरीत असताना गिऱ्हाइकाशी मी बोललेलं हे एकच खोटं. निदान मला आठवतं ते एकच.

म्हात्रे पुढे नेऱ्याच्या एका फार्महाऊसवर राखणदार म्हणून लागला. मी तारीख नसलेला फॉर्म घेणं बंद केलं. कोणी पक्षानंतर बघू म्हणालं, की त्याच्यासमोर कॅलेंडर ठेवून तीस दिवस मोजून दाखवायचो आणि फॉर्म परत द्यायचो. काही जण त्याच दिवशी सही करायचे. बाकीचे दसऱ्यानंतर यायचे. काही आलेच नाहीत.

फ्रिज आम्ही त्याच दसऱ्याला घेतला. अजून चालू आहे.