अहो आणि कंपनी

आमच्या कंपनीत माणसं दोन, हे आणि मी, आणि भांडवल एकच, ह्यांचा उजवा कान. डावा लहानपणीच कामातून गेलेला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग कुठला प्लग कामचुकार आहे, कार्बोरेटरात कुठे कचरा अडकलाय, सगळं हे बिनचूक सांगत. इंजिनाचं सगळं ऐकू येतं, बायकोचंच तेवढं येत नाही, अशी माझी तक्रार असे. पण ही तक्रार कुठल्या बाईची नसते?

नागापूरला तेव्हा नुकतेच कारखाने उभे राहत होते. तिथे रस्त्याकडेला आम्ही पत्र्याची शेड घेतली आणि हे सुटे भाग आणायला शहरात गेले. नेमका तेव्हाच बोर्ड रंगवणारा आला.

"वैनी, नाव काय घालू?"

मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात. तसं म्हटलं, तर तो घाबरलाच. "वैनी, बोर्ड चार फुटी हाय. उखाना न्हाई मावायचा."

"मग यांचंच घाला की."

"यांचं म्हंजी कुनाचं?"

आता हे घरी आल्यावर यांनाच विचारा, असं सांगणार होते. पण कंपनी हा शब्द राहून जाऊ नये असं ह्यांनी चार वेळा बजावलं होतं, म्हणून आधी तेच बोलले. "अहो, आणि कंपनी, हे लिहायला विसरू नका." एवढं म्हणून मी दूध उतू जातंय का ते बघायला गेले. परत आले तर निळ्या रंगात, झोकदार वळणात लिहून तयार: 'अहो आणि कंपनी. इंजिन ट्यूनिंग.'

मी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "तुमी बोललात तेच लिवलं. बाईमानसानं नवऱ्याचं नाव सांगितलं, त्यात मी कशाला मोडतोड करू?"

ह्यांनी बोर्ड पाहिला, डोकं खाजवलं आणि अक्षर चांगलं आहे म्हणून तो तसाच टांगला. तेव्हापासून अख्ख्या रस्त्याचे हे 'अहो' झाले. श्रीगोंद्याकडचे ड्रायव्हर "अहोशेट" म्हणत. एका शिकलेल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं, त्यावर 'श्रीयुत अहो यांस'. मिशा पिळलेले बाप्ये दिवसभर माझ्या नवऱ्याला "अहो, अहो" करून बोलावत. मला त्याचा इतका राग येई की मीच हाक मारणं कमी केलं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. खडी फोडायच्या कामांवर साहेब लोकांच्या जीपा धूळ खात फिरत, आणि ती धूळ खोकून काढायला आमच्याकडे येत. एका दुपारी हे चालू जीपवर वाकले होते. खांद्यावरचं फडकं घसरत घसरत इंजिनाच्या फिरत्या पंख्याकडे निघालेलं मी पाहिलं.

"अहो!" मी ओरडले. हे ढिम्म. ड्रायव्हरही ओरडला, "अहो!" काही नाही. मग मात्र माझं भान सुटलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय, गळा फाडून. ड्रायव्हर वळला. पलीकडचा चहावाला वळला. रस्त्यावरून चाललेली दोन माणसं थांबली. हे तेवढे वळले नाहीत. धावत जाऊन मी ह्यांना कमरेला धरून मागे ओढलं.

संध्याकाळी ह्यांनी कबूल केलं. उजवा कानही सहा महिन्यांपासून बंद होता. सहा महिने ह्यांनी सवयीवर आणि बोटांना लागणाऱ्या थरथरीवर गाड्या दुरुस्त केल्या होत्या. "कुनाला सांगू नगं," म्हणाले. "कान गेला म्हनल्यावर बहिऱ्याकडं गाडी कोन आननार? कंपनी गेलीच मग." मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. सहा महिने मी ह्यांच्याशी भांडत होते, आणि हे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

मग मी इंजिन ऐकायला शिकले. पंधरा दिवसांत मला कळायला लागलं, कुठलं एकसुरी चालतंय आणि कुठलं मध्येच ठेचकाळतंय, ज्याला ड्रायव्हर 'मिसिंग' म्हणतात. खूण ठरली: पदर डोक्यावर म्हणजे आवाज बरोबर, पदर खाली म्हणजे अजून मिसिंग. हे कान लावून डोळे मिटायचे ते आता किलकिले ठेवत आणि माझं डोकं बघत. लोक म्हणत, बाई मोठी मर्यादशील.

अशात मोठे साहेब स्वतः जीप घेऊन आले. हिची दुरुस्ती पसंत पडली तर सगळ्या जीपांचं काम आमचं, नाहीतर शहरात दुसऱ्याचं. ह्यांनी तासाभरात इंजिन झकास लावलं. मी पदर घेतला. तेवढ्यात वावटळ आली आणि पदर उडाला. ह्यांनी चांगलं लागलेलं इंजिन पुन्हा बिघडवायला घेतलं! मी पदर घेई, वारा उडवी, हे स्क्रू पिळत. चार वेळा असं झालं. शेवटी सगळं पुन्हा जागेवर आलं तेव्हा मी पदर डोक्यावरून ओढून त्याचं टोक दातांत धरलं.

साहेब वस्ताद होते. स्पष्ट, मोठ्यांदा म्हणाले, "अजून जरा मिसिंग वाटतंय."

ह्यांनी त्यांचे ओठ पाहिले, मग माझं डोकं.

"साहेब, इंजिन बरुबर हाय. तुमी एकदा कान दाकवून घ्या."

ड्रायव्हरनं जीभ चावली. साहेब खो खो हसत सुटले. "मी मुद्दाम म्हणालो. असा कान जिल्ह्यात नाही," असं ड्रायव्हरला सांगून ते जीपकडे वळले, आणि पाठ फिरवल्या फिरवल्या म्हणाले, "उद्यापासून सगळ्या जीपा इथंच."

हे माझ्याकडे बघतच होते. काम मिळालं, याची खूण आम्ही ठरवलीच नव्हती. दातांत पदर तसाच होता आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पाहून ह्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं एकेक पाना गोणीत भरायला घेतला. मी धावत जाऊन त्या गोणीवर बसले.